जंगलाचे उत्पन्न, गावाचे आरोग्य

चंद्रपूर आणि गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच जिल्हा होते. विभाजन झाले तेव्हा कोळशाच्या खाणी, वीज आणि बल्लारपूरची कागद गिरणी चंद्रपूरकडे राहिली. गडचिरोलीच्या वाट्याला जंगल आले, आणि रेल्वे आली ती वडसा स्टेशनापुरती. नव्या जिल्ह्याचा पसारा १४,४१२ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या जवळजवळ चौपट. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आसपास भरली, आणि त्यांतले सुमारे ३९ टक्के लोक आदिवासी होते. उत्तरेला वडसा-आरमोरीकडे धान आणि झाडीबोली, भामरागड-एटापल्लीत माडिया, सिरोंच्यात तेलुगू, तर मुलचेऱ्यात पूर्व पाकिस्तानातून येऊन वसलेल्या निर्वासितांची बंगाली. मुंबईत छापलेले आरोग्य खात्याचे मराठी भित्तिपत्रक यांतल्या किती भाषांपुढे मुके ठरते, हे वेगळे सांगायला नको.

या दोन जिल्ह्यांतून बाहेर जाणाऱ्या मालाची यादी मोठी आहे: बांबू, तेंदूपाने, सागवान, कोळसा, वीज, सिमेंट आणि आता लोहखनिज. आत येते ते योजनांच्या रूपाने. आफ्रिकेतील खनिजसंपन्न देशांच्या आरोग्यव्यवस्थेबद्दल अभ्यासक जे प्रश्न विचारतात, ते सगळे इथे लागू पडतात. संपत्ती कुणाच्या मालकीची, तिचा कोणता हिस्सा दवाखान्यापर्यंत पोचतो, आणि तो खर्च कसा करायचा हे कोण ठरवते? फरक एकच आहे. इथल्या आजारांवरचे काही उपाय याच जिल्ह्यात शोधले गेले आणि इथून आफ्रिकेपर्यंत गेले. तेव्हा उपाय ठाऊक नव्हता, ही सबब गडचिरोलीला देता येत नाही.

आधी संपत्तीचे. बल्लारपूरची कागद गिरणी १९४५ मध्ये स्थापन झाली आणि पुढची कित्येक दशके दोन्ही जिल्ह्यांतला बांबू तिला सवलतीच्या दराने मिळत राहिला. गावकऱ्याला मात्र घर शाकारायला, कुंपणाला बांबू हवा असेल तर निस्तार हक्काचा दाखला आणि वनरक्षकाची मर्जी, दोन्ही लागत. चंद्रपुरात वेस्टर्न कोलफील्ड्सचा कोळसा निघतो, त्यावर महाऔष्णिक केंद्र चालते आणि २,९२० मेगावॅट क्षमतेच्या त्या केंद्राची वीज राज्यभर जाते. राख आणि धूर तेवढा स्थानिक. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथे आले. गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावर लॉइड्स मेटल्सला ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा २००७ मध्ये मिळाला. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी तिथली वाहने मोठ्या संख्येने जाळली. २०२१ पासून उत्खनन पुन्हा जोरात सुरू झाले आणि आलापल्ली-आष्टी रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांची रांग लागली.

खनिजातून सरकारला काय मिळते, हे करारावर ठरते. झांबियाने १९९७ ते २००० या काळात तांब्याच्या सरकारी खाणी विकल्या, तेव्हा खासगी कंपन्यांशी झालेल्या करारांत स्वामित्वधन ०.६ टक्के इतके खाली ठेवले होते. कर्जबाजारी सरकारला घाई होती आणि घेणाऱ्याला ती ठाऊक होती. पुढे तांब्याचे भाव चढले तरी दवाखाने आणि शाळा परदेशी मदतीच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. शेजारच्या बोट्सवानाने हिऱ्यांच्या बाबतीत निम्मी भागीदारी स्वतःकडे ठेवली. विसाव्या शतकाच्या अखेरीस एचआयव्हीने त्या देशाला ग्रासले, तेव्हा २००२ पासून सरकारी दवाखान्यांतून मोफत औषधोपचार सुरू करण्याची ऐपत त्याच्यापाशी होती. बाहेरची मदत त्यालाही लागली, पण वाटाघाटी करताना त्याचा हात दगडाखाली नव्हता.

भारताने मधला मार्ग काढला. २०१५ च्या कायदादुरुस्तीने प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. जुन्या खाणपट्ट्यांनी स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि लिलावातून मिळालेल्या नव्या पट्ट्यांनी १० टक्के एवढी जादा रक्कम त्यात भरायची. कोळशावर स्वामित्वधन १४ टक्के आणि लोहखनिजावर १५ टक्के आहे. म्हणजे जुन्या पट्ट्यांतून शंभर रुपयांचे खनिज निघाले की जिल्ह्यासाठी चार-साडेचार रुपये बाजूला पडतात. ऐकायला हे थोडे वाटते, पण चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात त्यातून दरवर्षी मोठी रक्कम उभी राहते. पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, महिला व बालकल्याण यांना अग्रक्रम द्यावा, असे नियमच सांगतात. चंद्रपूरचे कर्करोग रुग्णालय या निधीतून आणि टाटा ट्रस्ट्सच्या सहभागातून उभे राहिले. ज्या शहराने इतका धूर गिळला, तिथे हे रुग्णालय व्हावे हे योग्यच, पण खाणीच्या पैशाने खाणीच्या परिणामांची भरपाई करण्याचा हा व्यवहार किती काळ परवडेल, हा हिशेब कुणी मांडत नाही.

पैशाची खरी अडचण पुढच्या पायरीवर येते. इमारतीचे अंदाजपत्रक होते, निविदा निघते, उद्घाटन होते. दवाखान्यात कर्मचारी यायला मात्र पदांचा आकृतिबंध मंजूर व्हावा लागतो, आणि तो मुंबईत वित्त विभागाच्या टेबलावर होतो. खनिज निधी मनुष्यबळावर खर्चण्याची मुभा नियमांत आहे. पण खनिजाच्या भावाबरोबर खालीवर होणाऱ्या पैशातून कायम पद कोण भरणार? म्हणून नेमणूक कंत्राटी होते. कंत्राटी डॉक्टर अकरा महिन्यांच्या आदेशावर येतो, पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा अभ्यास करतो आणि निकाल लागला की जातो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, व्यवस्थेने त्याच्याशी तेवढाच करार केलेला असतो.

आदिवासी भागासाठी वेगळा पैसा आधीपासून आहे. सुकथनकर समितीच्या शिफारशीनंतर महाराष्ट्राने १९९३-९४ पासून आदिवासींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात, सुमारे ९ टक्के, नियोजन निधी आदिवासी विकास विभागाकडे एकगठ्ठा द्यायला सुरुवात केली. मेळघाटातील बालमृत्यूंवरून गदारोळ झाल्यावर १९९५ मध्ये नवसंजीवनी योजना आली आणि ती गडचिरोलीलाही लागू झाली. भरारी पथके, मानसेवी वैद्यकीय अधिकारी, पाडा स्वयंसेवक, दाई बैठका, मातृत्व अनुदान, गरोदर बाईने बाळंतपणाच्या आधीच दवाखान्याजवळ येऊन राहावे म्हणून माहेरघर, आणि २०१५ पासून अमृत आहार योजनेतले गरोदर व स्तनदा मातांसाठीचे एक वेळचे पूर्ण जेवण. यांतली कल्पना म्हणून वाईट एकही नाही. इथिओपिया, झिंबाब्वे, मलावी या देशांतही माहेरघरासारखी प्रतीक्षागृहे चालतात आणि तिथेही अनुभव सारखाच आहे. सोबत आलेल्या सासूने, धाकट्या लेकराने जेवायचे काय आणि बुडालेल्या मजुरीचे काय, याची सोय झाली तरच खाटा भरतात.

भामरागडपासून जिल्ह्याचे ठिकाण पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. अडलेल्या बाळंतिणीचा प्रवास उपकेंद्रापासून सुरू होतो. तिथून प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, मग अहेरीचे उपजिल्हा रुग्णालय, तिथून गडचिरोलीचे महिला व बाल रुग्णालय आणि तिथेही निभावले नाही तर चंद्रपूर किंवा नागपूर. सिझेरियनला स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्त या तिन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच छताखाली लागतात. दोन असून तिसरी नसली की रुग्ण ‘रेफर’ होतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीचा पूर पुलावरून वाहू लागला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि आतल्या टोल्यांवरून रुग्णाला खाटेची कावड करून चिखलातून आणावे लागते. हेमलकशाचा लोकबिरादरी दवाखाना १९७३ च्या डिसेंबरात सुरू झाला, तो नेमका या पोकळीत. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्याकडे छत्तीसगडच्या बाजूनेही माणसे चालत येत. अस्वलाने फाडलेला चेहरा, सेरेब्रल मलेरिया, हाडांचा क्षय, जे येईल ते तिथे बघितले गेले. पन्नास वर्षांनंतरही त्या दवाखान्यावाचून भागत नाही, याचे श्रेय आमट्यांचे आहे आणि अपश्रेय शासनाचे.

उपाय कुणी करायचा, हा प्रश्न गडचिरोलीत पैशाइतकाच जुना आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ या संस्थेचे काम इथे सुरू केले. पहिल्या मोठ्या अभ्यासात वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक संसर्ग असल्याचे आढळले आणि फक्त ८ टक्के स्त्रियांची तशी तपासणी आधी कधी झाली होती. १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. त्या काळात ग्रामीण बाईचे आरोग्य म्हणजे सरकारच्या लेखी कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेचे उद्दिष्ट होते. नर्सबाईने किती ‘केसेस’ आणल्या यावर तिचे वर्ष ठरे, पांढऱ्या पदरावर औषध मागायला आलेल्या बाईचा त्या हिशेबात रकानाच नव्हता. १९९४ च्या कैरो परिषदेत जगाने लोकसंख्यानियंत्रणाकडून प्रजननआरोग्याकडे तोंड वळवले, त्यामागच्या पुराव्यांत या दोन गावांचाही वाटा आहे.

दुसरे काम न्यूमोनियाचे. लहान मुलाला न्यूमोनिया झाला आहे की नाही, हे मिनिटातल्या श्वासांवरून कळते. पण गावातल्या दाईला पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हते. म्हणून श्वास मोजायचे एक साधन तयार केले. लाकडी चौकटीत एका मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेला मणी सरकला तर न्यूमोनिया. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी निराळी ओळ, कारण त्याचा श्वास मुळातच जलद चालतो. निदान झाले की कोट्रायमोक्साझोलचे औषध. निरक्षर दाई, निमवैद्यकीय कर्मचारी आणि गावचा आरोग्यसेवक यांच्या हाती एवढे दिल्यावर न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू घटले. ते निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यानंतर नवजात बाळांचा अभ्यास आला आणि तिथे खरी ठिणगी पडली. ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. आरोग्यदूत बाळंतपणाला हजर राहायची, बाळाचे वजन करायची, ऊब द्यायची, श्वास कोंडला तर नळी-मुखवट्याने द्यायची आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर जेंटामायसिनचे इंजेक्शनही द्यायची. तुलनेसाठी ४७ गावे घेतली होती. सुरुवातीला हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात दगावत. तिसऱ्या वर्षी सेवा असलेल्या गावांत हा आकडा २५ वर आला, तर तुलनेच्या गावांत तो साठच्या आसपासच राहिला. एका बाळामागे खर्च आला सुमारे ५.३ डॉलर. डिसेंबर १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि देशभरातल्या बालरोगतज्ज्ञांत वाद पेटला. दहावी नापास बाईच्या हातात सुई द्यायची? मूल दगावले तर जबाबदार कोण? प्रश्न रास्त होते. मात्र ज्या गावात सुई धरणारा दुसरा कुणी येतच नाही, तिथे बाईला सुई न देणे हाही एक निर्णयच होता आणि त्याची जबाबदारी कुणावरच पडत नव्हती.

२०११ मध्ये केंद्राने घरोघरी नवजात बालसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम गावोगावच्या आशा कार्यकर्तींच्या मार्फत सुरू केला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट द्यायची. घरी जन्म झाला असेल तर पहिल्या दिवशीही. पिशवीत काटा, थर्मामीटर, घड्याळ आणि ब्लँकेट. इंजेक्शन मात्र पिशवीतून वगळले गेले. पुढे २०१४ मध्ये ते देण्याची परवानगी मिळाली ती नर्सबाईला. इकडे इथिओपियाने २००८ ते २०१३ या काळात स्वतःच्या ग्रामीण आरोग्य कर्मचाऱ्यांकडून बाळांना जेंटामायसिन देऊन पाहिले आणि ते धोरणात घेतले. काँगो, केनिया व नायजेरियातील चाचण्यांनंतर जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये, दवाखान्यात नेणे शक्य नसेल तेव्हा अशा साध्या उपचाराची शिफारस केली. धानोरा तालुक्याच्या आसपास निघालेली कल्पना अदिस अबाबाच्या सरकारला पचली, पण दिल्लीत तिच्यातली सुई काढून घेतली गेली.

मोबदल्याच्या बाबतीत तफावत याहून मोठी आहे. इथिओपियाने २००३ मध्ये सुरू केलेल्या कार्यक्रमात प्रत्येक केबेलेत, म्हणजे तिथल्या सर्वांत लहान प्रशासकीय घटकात, दहावी झालेल्या दोन स्त्रिया नेमल्या. त्यांना वर्षभराचे प्रशिक्षण आणि सरकारी पगार मिळाला. तीस हजारांहून अधिक स्त्रिया अशा नोकरीत आल्या. भारताची आशा २००५ पासून ‘स्वयंसेविका’च आहे. तिचा बराचसा मोबदला कामागणिक आहे, नवजाताच्या सगळ्या भेटी पूर्ण झाल्या तर २५० रुपये. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला, आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातल्या आशा मानधनवाढीसाठी संपावर होत्या. दरडोई उत्पन्नात इथिओपिया महाराष्ट्राच्या जवळपासही नाही. तिथे पैसा जास्त होता म्हणून हे घडलेले नाही. गावातल्या बाईच्या कामाला नोकरी म्हणायचे की सेवा, याचे उत्तर त्या सरकारने वेगळे दिले.

महाराष्ट्राने आपला जास्तीचा पैसा दुसऱ्या दिशेला वळवला. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ही विमा योजना पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत गडचिरोली होते. २०१७ पासून तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. विम्याचा पैसा रुग्णामागून रुग्णालयात जातो, आणि मोठी रुग्णालये नागपुरात. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी हे उपयोगी आहे. तापाने फणफणलेल्या माडिया मुलासाठी टोल्यापासून पाच किलोमीटरवर उघडा दवाखाना असावा लागतो, आणि तो विम्याच्या हप्त्यातून उभा राहत नाही. चंद्रपूरला २०१५ मध्ये आणि गडचिरोलीला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्यामुळे तज्ज्ञांची वाट थोडी जवळ आली आहे.

दारूचा विषय या सगळ्यांत वेगळा, कारण तिथे सरकारचेच दोन हात एकमेकांविरुद्ध आहेत. आरोग्य खाते जे निस्तरते, त्यातून उत्पादन शुल्क खाते महसूल कमावते. गडचिरोलीत बायकांनी गावोगावी दारूभट्ट्या बंद पाडत चालवलेल्या आंदोलनानंतर २७ मार्च १९९३ रोजी जिल्हा दारूबंदी लागू झाली. वर्ध्यात ती १९७५ पासूनच होती. चंद्रपुरात पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गारने आंदोलन केले, २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर महिलांचा पायी मोर्चा गेला, आणि १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली. २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने ती उठवली. कारण दिले गेले ते अवैध विक्री, बनावट दारू आणि गुन्हेगारीचे. बुडालेल्या महसुलाचा उल्लेखही होताच. शेजारी गडचिरोलीत बंदी कायम राहिली आणि २०१६ पासून शासन, सर्च व टाटा ट्रस्ट्स यांचे मुक्तिपथ अभियान तिथे सुरू आहे. मोहाची दारू इथे सण, लग्न आणि मयतीच्या विधीत असते. बंदीच्या कायद्याचा हात तिच्यापर्यंत पोचला तर तो आधी गरीब बाईच्या मडक्याला लागतो, हे बंदीच्या समर्थकांनाही ठाऊक आहे. बोट्सवानाने २००८ मध्ये मद्यावर ३० टक्के जादा आकारणी केली. बंदी घालण्यापेक्षा प्यायला महाग करण्याचा हा मार्ग जिल्हा पातळीवर निवडता येत नाही, कारण कर राज्याचा.

गावाच्या हाती थेट पैसा आला तो वनहक्क कायद्याने. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण हक्काचा कागद मिळूनही बांबूची वाहतूक करायची परवानगी वनखात्याकडेच राहिली. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले, तेव्हा कुठे बांबू विकता आला. परवान्याचे साधे पुस्तक, पण ते कुणाच्या कपाटात राहते यावर बांबूचा भाव ठरत होता. नंतर जिल्ह्यातल्या हजाराहून अधिक ग्रामसभांना असे हक्क मिळाले आणि त्यांतल्या अनेक तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या. आरोग्याच्या दृष्टीने याचा परिणाम सरळ आहे. उन्हाळ्यात हातात रोख रक्कम असलेले कुटुंब पावसाळ्यात मूल आजारी पडले तर गाडी करू शकते. आदिवासी भागातील स्वशासनाच्या पेसा कायद्याच्या नियमांनुसार आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधीही २०१५ पासून थेट ग्रामपंचायतींना मिळू लागला.

दुसरीकडे आतल्या भागात शासन पोचले ते पोलीस ठाण्यातून. ‘पोलीस दादालोरा खिडकी’ या उपक्रमात जातीचा दाखला, आधार, योजनेचा अर्ज आणि आरोग्य शिबिर हे सगळे पोलीस मदत केंद्रातच मिळते. लोकांची सोय झाली, यात शंका नाही. ज्या कामासाठी तलाठी, ग्रामसेवक आणि आरोग्यसेवक नेमलेले आहेत ते बंदूकधारी शिपायाने करावे, यात त्या खात्यांचा कबुलीजबाबही आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शरण आला. पदे रिक्त राहण्याचे कारण म्हणून बंदुकीची भीती आता फार काळ सांगता येणार नाही.

मलेरिया ही इथली जुनी कसोटी. राज्यातल्या रुग्णसंख्येत गडचिरोली वर्षानुवर्षे वरच्या क्रमांकावर आहे आणि भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या तालुक्यांत तो सर्वाधिक. जगातल्या मलेरियाच्या मृत्यूंपैकी सुमारे ९५ टक्के आफ्रिकेत होतात, आणि ज्या फॅल्सिपॅरमने ते होतात तोच परजीवी या जंगलातही मुख्य आहे. रक्तातला सिकलसेलचा दोष एकाच पालकाकडून आला तर या मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते, म्हणून दोन्हीकडे तो टिकून राहिला. इथला प्रकार आफ्रिकेतल्यापेक्षा निराळा, अरबी-भारतीय गटातला, म्हणजे तो स्वतंत्रपणे उपजला. दोन्ही पालकांकडून दोष आलेल्या मुलाच्या वाट्याला मात्र आयुष्यभराचे दुखणे येते. त्याला हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या रोज, न चुकता लागतात. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात तपासण्यांचे मोठे उद्दिष्ट आहे. तपासणी एकदा होते आणि तिचा आकडा लगेच वर कळवता येतो. गोळ्यांचा पुरवठा पुढची तीस वर्षे सांभाळायचा आहे, आणि तो त्याच उपकेंद्रातून व्हायचा आहे जिथले पद कंत्राटी आहे.

मलेरियासाठी राज्याने अलीकडे डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमले. साधने माहीत आहेत: औषधभारित मच्छरदाण्या, वेळेवर फवारणी, बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तावर वीसेक मिनिटांत होणारी तपासणी आणि गावातच गोळ्या. यांतली शेवटची दोन कामे आशाच करते. फवारणी पावसाआधी व्हायला हवी, आणि त्यासाठी हंगामी मजुरांची भरती, औषधाची खरेदी आणि निधीचे वितरण ही तिन्ही कामे एप्रिल-मेमध्ये, म्हणजे आर्थिक वर्ष नुकतेच उघडत असताना उरकावी लागतात. शिवाय पलीकडे छत्तीसगडचे बिजापूर, नारायणपूर आणि कांकेर हे तितकेच मलेरियाचे जिल्हे आहेत. तिथली फवारणी वेगळ्या राज्याच्या अंदाजपत्रकातून आणि वेगळ्या वेळापत्रकाने होते, तर बाजार, सोयरिक आणि देवाची जत्रा यांसाठी माणसे इंद्रावती ओलांडून रोज ये-जा करतात.